सार्वजनिक बागेतला गोल्फ

(द्वितीय वर्ष कला)

गोल्फ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते. कातरलेली हिरवळ, भोवती कुंपण, फाटकाशी पहारेकरी आणि आत पांढऱ्या टोप्या घातलेले मोजके लोक. वर्गणी भरून सभासद झाल्याखेरीज त्या हिरवळीवर पाऊल टाकण्याची सोय नसते. माझे मामा अशाच एका मैदानावर सात वर्षे गवत कापण्याचे काम करीत. कोणत्या उतारावर पाणी साचते, कोणत्या कोपऱ्यात गवत लवकर पिवळे पडते, हे त्यांना तोंडपाठ होते. पण गोल्फची काठी त्यांनी पाहिली ती दुसऱ्याच्या पिशवीतच. गोल्फ हा खेळ वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. त्याला लागणारी जमीन, पाणी आणि पैसा यांमुळे तो थोड्यांचा राहिला, एवढेच.

प्रस्तुत लेखात ज्या खेळाचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याने गोल्फचे नियम घेतले आणि कुंपण मात्र बाहेर ठेवले. त्याचे नाव डिस्क गोल्फ. येथे चेंडू-काठीच्या जागी प्लास्टिकची तबकडी असते, खड्ड्याच्या जागी खांबाला बसविलेली लोखंडी टोपली असते, आणि राखीव हिरवळीच्या जागी असते ती कोणालाही जाता येईल अशी साधी सार्वजनिक बाग. हा खेळ अमेरिकेत रूढ झाला आणि पुढे फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया अशा देशांत पसरला. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, म्हणून आधी तो खेळतात कसा ते सांगते.

बागेत ठिकठिकाणी नऊ किंवा अठरा टोपल्या बसविलेल्या असतात. प्रत्येक टोपलीसाठी दूर अंतरावर एक ठराविक ओटा असतो, त्याला टी म्हणतात. ओट्यापासून टोपलीपर्यंतच्या टप्प्याला, जमिनीत एकही खड्डा नसताना, गोल्फच्या सवयीने होल असेच म्हणतात! खेळाडू ओट्यावरून तबकडी फेकतो. ती जेथे पडेल तेथे जाऊन, त्याच जागेवरून दुसरी फेक करतो. असे करीत करीत तबकडी टोपलीत पडली की तो होल संपला. किती फेकी लागल्या ते लिहून ठेवायचे आणि पुढच्या ओट्याकडे चालू लागायचे. अखेरीस ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. एका गटात तीन-चार जण असतात. ज्याची तबकडी टोपलीपासून सर्वांत दूर, त्याची पाळी आधी. टोपलीपासून दहा मीटरांच्या आत आल्यावर फेकताना तोल सावरून उभे राहावे लागते. फेकीच्या भरात पुढे झेपावले तर दंड होतो. आखलेल्या हद्दीबाहेर तबकडी गेली तर एक फेक जादा धरली जाते. नियम आणखीही आहेत, पण मला त्यांतील दोन विशेष महत्त्वाचे वाटले. वाटेत फांदी आडवी येते म्हणून ती मोडता येत नाही. आणि समोर माणूस चालत असेल तर तो दूर जाईपर्यंत फेकता येत नाही, मग तो खेळाडू असो वा सहज फिरावयास आलेला म्हातारा.

या तबकडीबद्दल थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण खेळाची सगळी गंमत तिच्यात आहे. मुले समुद्रकिनाऱ्यावर खेळतात त्या फ्रिस्बीपेक्षा ही लहान असते. तिचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर आणि वजन बहुधा १५० ते १८० ग्रॅम. लांब फेकीसाठी असलेल्या तबकडीची कड रुंद आणि निमुळती असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. जवळून टोपलीत टाकावयाच्या तबकडीची कड बोथट असते, ती पटर. या दोहोंच्या मधली ती मिड-रेंज. नवशिक्याला एका तबकडीवरही सारा खेळ खेळता येतो, आणि माझ्या मते हीच या खेळाची मोठी सोय आहे.

आमच्या वसतिगृहातील एका मैत्रिणीकडे अशी एक तबकडी आहे. दिवाळीच्या सुटीनंतर काही दिवस आम्ही दोघी सकाळी सहा वाजता महाविद्यालयाच्या मैदानावर जात असू. उजव्या हाताने, छातीसमोरून मागून पुढे अशी ती फेकली, की काही अंतर सरळ जाऊन शेवटी ती डावीकडेच वळे. वारा असो वा नसो, ती डावीकडेच. याचे कारण मला भौतिकशास्त्राच्या ग्रंथात सापडले, पण ते समजले मात्र भोवऱ्यामुळे. भोवरा उभा राहतो तो फिरत असतो म्हणून. फिरत्या भोवऱ्याला बोटाने ढकलले तर तो ज्या दिशेला ढकलला त्या दिशेला न पडता त्या दिशेशी काटकोनात कलतो. तबकडीचेही तसेच. तिच्या फिरण्यामुळे ती हवेत आडवी राहते. ती फिरली नाही तर थाळीसारखी कोलांट्या खाईल. हवेतून पुढे जाताना हवा तिला वर उचलून धरते, पण ही उचल नेमकी मध्यावर लागत नाही. वेग कमी होऊ लागला की ती मध्याच्या पुढे लागते, म्हणजे तबकडीचे नाक वर उचलू पाहते. पण तबकडी फिरत असल्यामुळे नाक वर जाण्याऐवजी ती एका कुशीवर कलते. उजव्या हाताच्या या फेकीत, वरून पाहता, ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि म्हणून डाव्या कुशीवर कलते. डावखुऱ्या माणसाच्या हातून ती उजवीकडे जाईल. सुरुवातीला, वेग फार असताना, याच्या उलट परिणाम होतो आणि काही तबकड्या आधी थोड्या उजवीकडे झुकतात. जाणता खेळाडू हे दोन्ही कल हिशेबात धरतो. हातातून सोडतानाच तो तबकडीची बाहेरची कड खाली किंवा वर तिरकी करतो आणि तिच्याकडून हवेत इंग्रजी एस या अक्षरासारखी वाट काढून घेतो.

या वळणाचा बागेशी जवळचा संबंध आहे. काठीने मारलेल्या चेंडूला मोकळे रान लागते. तबकडीला झाडे चालतात, किंबहुना झाडे नसतील तर खेळ नीरस होतो. ओटा आणि टोपली यांच्यामध्ये एखादा वृक्ष उभा असेल तर त्याच्या डावीकडून जावे की उजवीकडून, फांद्यांच्या वरून न्यावी की खालून सरपटत, हाच तर डाव. त्यामुळे आराखडा करणारा माणूस झाड तोडण्याऐवजी झाड शोधीत हिंडतो. जमीन सपाट करावी लागत नाही, हिरवळ लावावी लागत नाही, तिला पाणी पाजावे लागत नाही. अठरा होलच्या गोल्फ मैदानास शंभर एकरांहून अधिक जमीन लागते. डिस्क गोल्फमध्ये सर्वसाधारणपणे एका होलला एक एकर पुरते, आणि तो एकरही इतरांसाठी बंद होत नाही.

आता या खेळाच्या जन्माकडे वळू. तबकडी फेकून नेम साधण्याची कल्पना एकाच माणसाला सुचली असे नाही. कॅनडातील ब्लॅडवर्थ या खेड्यातील शाळकरी मुले १९२६ मध्ये डब्यांची झाकणे वाळूत आखलेल्या वर्तुळांत फेकीत आणि त्याला टिन लिड गोल्फ म्हणत, अशी नोंद आहे. प्लास्टिकच्या तबकडीचा जनक फ्रेड मॉरिसन याचीही सुरुवात स्वयंपाकघरातील भांड्यानेच झाली. १९३८ मध्ये तो कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर केक भाजण्याचे पसरट भांडे फेकीत असता, पाच सेंटांच्या त्या भांड्याला एकाने पंचवीस सेंट देऊ केले. जेथे भांड्याला पाचपट किंमत येते तेथे धंदा आहे, हे त्याने ओळखले. १९५५ मध्ये त्याने प्लूटो प्लॅटर नावाची तबकडी तयार केली आणि १९५७ मध्ये तिचे हक्क व्हॅम-ओ या खेळणी बनविणाऱ्या कंपनीला दिले. फ्रिस्बी हे नाव कंपनीने त्यानंतर दिले. त्याचे मूळ कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी नामक पाय विकणाऱ्या बेकरीत आहे. तिची रिकामी भांडी विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत. खेळाच्या इतिहासात विद्यार्थ्यांचा असा उल्लेख आला की मला उगाचच बरे वाटते.

याच कंपनीत १९६४ मध्ये एड हेडरिक हा गृहस्थ आला. त्याने तबकडीच्या पाठीवर बारीक उंचवट्यांची वर्तुळे काढली, त्यामुळे तिचे उडणे अधिक स्थिर झाले. त्याबद्दल त्याला १९६७ मध्ये पेटंट मिळाले. तोपर्यंत झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरून ठिकठिकाणी लोक गोल्फ खेळू लागले होते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे तर १९७४ मध्ये एक मोठी स्पर्धा भरली आणि विजेत्या डॅन रॉडिकला बक्षीस म्हणून मोटारगाडी मिळाली! पण कायमस्वरूपी आखलेले, कोणीही यावे आणि खेळावे असे पहिले ठिकाण हेडरिकने १९७५ मध्ये ओक ग्रोव्ह उद्यानात उभे केले.

ओक ग्रोव्ह हे लॉस एंजल्सच्या ईशान्येस, पॅसाडेना शहराच्या कडेला आहे. मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, शेजारून अरोयो सेको हा ओहोळ, खाली १९२० मध्ये बांधलेले डेव्हिल्स गेट धरण. मंगळावर गाड्या पाठविणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा अगदी लागून आहे. उद्यानाचे आताचे नाव हाहामोंग्ना. ते तेथील मूळच्या टोंगवा लोकांच्या भाषेतून आले आहे. जुन्या ओक वृक्षांच्या सावलीत आजही लोक खेळतात. बागेत फिरणारे, घोड्यावरून जाणारे, कुटुंबासह जेवणाचे डबे घेऊन बसणारे, सगळे त्याच जागेत असतात.

आरंभी तेथे नेमासाठी नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की होल पूर्ण. आता यात वाद कसा होतो ते लगोरी खेळलेल्या कोणालाही सांगावयास नको. "लागली" आणि "नाही लागली" यांचा निवाडा साठ पावलांवरून कोण करणार? हेडरिकने आणि त्याच्या मुलाने याला उत्तर शोधले. खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत सोडल्या आणि खाली टोपली बसविली. जोरात आलेली तबकडी साखळ्यांवर आदळते, साखळ्या तिचा वेग खातात आणि ती टोपलीत पडते. छन्न असा आवाज होतो. पंचाची गरजच उरत नाही. या रचनेचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले. एरवी या खेळात बरेच बदल झाले, तबकडीची कडही १९८३ च्या सुमारास डेव्ह ड्युनिपेस याने धारदार उतरती करून तिला कितीतरी लांब जावयास लावले. पण साखळ्यांची टोपली मूळ कल्पनेपासून फारशी हललेली नाही. हेडरिकने १९७६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना स्थापन केली आणि काही वर्षांनी ती खेळाडूंच्याच हाती सोपविली. २००२ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढण्यात आल्या. अस्थी नदीत सोडण्याची रीत असलेल्या आपणांस हे विचित्र वाटेल. माझ्या आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग त्याला अजून फेकतात की काय?" काही जण फेकीत असतीलही.

आमच्या समाजशास्त्राच्या तासाला सामायिक मालमत्ता हा विषय चालू असताना सरांनी गायरानाचे उदाहरण दिले होते. गायरानात कोणाची म्हैस चरते, कोणी गोवऱ्या थापतो, मुले तेथेच खेळतात; जमीन एकाच्या नावावर नसते म्हणून ती सर्वांच्या उपयोगी पडते, आणि त्याच कारणाने तिच्यावर कोणीतरी अतिक्रमणही करतो. मला ओक ग्रोव्हची बाग ही एक प्रकारचे गायरान वाटते. तेव्हा प्रश्न असा, की डिस्क गोल्फ हा त्या गायरानाचा उपयोग आहे की अतिक्रमण?

खेळाचे पुरस्कर्ते म्हणतात की तो सर्वांचा आहे, बहुतेक बागांत तो फुकट खेळता येतो आणि आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत कोणालाही जमतो. हे खरे आहे. तिकीट नाही, गणवेश नाही, वेळ ठरवून घ्यावी लागत नाही. मात्र फाटक उघडे असले म्हणजे सगळे आत येतातच असे नाही. या खेळात ज्युलियाना कॉर्व्हर आणि पेज पिअर्स या दोघींनी प्रत्येकी पाच वेळा जगज्जेतेपद मिळविले, एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटारने २०२२ आणि २०२३ असे सलग दोनदा मिळविले. तरी संघटनेच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण अगदी अल्प आहे. यावर जे खुलासे वाचावयास मिळतात त्यांत ताकदीची चर्चा फार आहे. मला ते पटत नाही. तबकडीला ताकदीपेक्षा मनगटाची लकब आणि सोडण्याची वेळ अधिक लागते. झाडीने भरलेल्या बागेत, आडवाटेच्या सतराव्या होलवर, एकट्या मुलीला निर्धास्त वाटते का, हा प्रश्न कोणी विचारावयास हवा. आमच्या गावात मुलींचा खेळ सातवीच्या परीक्षेबरोबर संपतो. मैदानाला कुंपण नाही, कोणी "येऊ नको" असेही म्हणत नाही; पण पारावर बसलेल्यांच्या नजरा असतात. आम्ही दोघी सकाळी सहाची वेळ निवडीत होतो ती हवा चांगली असते म्हणून नव्हे. अमेरिकेतील बागेतही पार असतो की नाही हे तेथील बाईच सांगू शकेल. तेथे अनेक शहरांत केवळ स्त्रियांच्या गटाने एकत्र खेळावयास जाण्याचे दिवस ठरविलेले असतात, यावरून मात्र थोडा अंदाज येतो.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या खेळाडूने तबकड्या बनविणाऱ्या एका कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरांचा करार केला. त्याच वर्षी युटा राज्यातील ऑग्डेन येथील जागतिक स्पर्धेत जेम्स कॉनराड याने अखेरच्या होलवर सुमारे अडीचशे फुटांवरून तबकडी थेट साखळ्यांत घातली, याच मॅकबेथची बरोबरी केली आणि जादा होलवर त्याला हरविले. ती फेक जगभर लाखो लोकांनी मोबाईलवर पाहिली. मीही या खेळाकडे वळले ती त्या फेकीमुळेच. प्रेक्षक आले की तिकीट येते. शुल्क घेणारी खासगी मैदाने आता अमेरिकेत वाढत आहेत. तेव्हा कुंपण पुन्हा परत येत आहे काय, ही शंका मला तरी वाटते. अर्थात जगातील हजारो डिस्क गोल्फ मैदानांपैकी बहुसंख्य अजून सार्वजनिक जागेतच आहेत.

शेवटची तक्रार झाडांची, आणि ती मला सर्वांत खरी वाटते. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची कडक तबकडी दिवसभर एकाच बुंध्यावर आदळत राहिली तर साल सोलवटते. ओट्याजवळ आणि टोपलीभोवती इतकी पावले पडतात की माती घट्ट होते, गवत जाते, पावसात माती वाहून मुळे उघडी पडतात. कॅलिफोर्नियातील ओकला तर मुळांवरची माती दडपलेली मुळीच सोसत नाही. शिवाय फिरावयास येणाऱ्यांची वाट फेकीच्या रेषेतून जात असेल तर नियम काहीही म्हणो, अपघात व्हायचाच. जेथे आराखडा करताना पायवाटा आणि लहान मुलांच्या खेळाच्या जागा यांचा विचार झाला नाही, तेथे इतर नागरिकांनी या खेळाला विरोध केला आहे, आणि तो विरोध मला गैर वाटत नाही. आधी आलेल्या म्हाताऱ्याचा बाकावरील हक्क नंतर आलेल्या खेळाडूने हिरावून घेऊ नये.

यावर जे उपाय करतात ते साधे आहेत. ओटा सिमेंटचा किंवा रबराचा करतात, म्हणजे माती उखडत नाही. बुंध्यांपुढे लाकडी खुंट रोवतात, ते तबकडीचा मार आपल्या अंगावर घेतात. उघड्या मुळांवर लाकडाचा भुसा आणि तुकडे पसरतात. आणि एका टोपलीसाठी जमिनीत दोन-तीन ठिकाणी नळ्या पुरून ठेवतात. काही आठवडे झाले की टोपली खांबासकट एका नळीतून उपसून दुसरीत बसवितात, म्हणजे आधीच्या जागेवर पुन्हा गवत धरते. रान पडीक टाकण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पुष्कळ बागांत हे काम पालिकेच्या नोकरांवर न सोपविता खेळणारेच सुटीच्या दिवशी फावडी घेऊन येतात, भुशाचे ढीग ओढतात, टोपली हलवितात, आणि मग उरलेल्या उजेडात नव्या जागेवरची पहिली फेक कोणी करावयाची यावरून त्यांचे थोडे भांडण होते.